मीरासिस्टरचा डिस्चार्ज

मीराबाईंना सिंगापुरात कुणी काही करू देत नव्हतं. भाजी निवडायला घेतली की सून अश्लेषा हातातली जुडी अलगद काढून घ्यायची आणि म्हणायची, "तुम्ही बसा, आई." पाणी प्यायला उठल्या की मुलगा प्रबोध लॅपटॉप सोडून धावत यायचा, "तू बस ना, मी आहे ना!" नऊ वर्षांची नात अवनी मराठी जेमतेम बोलायची, पण 'आजी, बस' एवढे दोन शब्द तिला पक्के येत होते. बसायला म्हणून प्रबोधने खास खुर्ची आणली होती. एक बटण दाबलं की पाय वर जायचे, दुसरं दाबलं की पाठ मागे जायची. माणसाला उठवून उभं करील असं बटण मात्र त्या खुर्चीला नव्हतं.

आता आपल्याकडे 'बसा' म्हणणं ही साधी माणुसकी आहे. दारात आलेल्या परक्यालाही आपण आधी बसा म्हणतो आणि मग नाव विचारतो. त्यात सुनेने सासूला बसवून खाऊ घालावं, म्हणजे तर सुखाची कमालच. सिंगापुरातल्याच टॅम्पिनीसहून भेटायला आलेल्या एका बाईंनी अश्लेषाची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली होती. तिच्या तोंडावर कोण कशाला म्हणेल की बाई गं, तू सासूला बसवून बसवून अधू करते आहेस?

मीराबाईंना मात्र ते कळत होतं, कारण त्यांचा जन्मच याच कामात गेला होता. नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात त्या सिस्टर होत्या. ऑपरेशन झालेल्या पेशंटला पलंगावरून उठवून चालतं करायचं, हे त्यांचं काम. बायकोचा नाहीतर मुलाचा हात मध्ये आला की मीरासिस्टरचा आवाज पार व्हरांड्याच्या टोकाला ऐकू जायचा, "हात लावायचा नाही! त्यांचे पाय त्यांना वापरू द्या!" आणि डिस्चार्जचा त्यांचा एक नियम होता. पेशंटने एकट्याने जिना चढून-उतरून दाखवायचा. तोवर सुट्टी नाही, मग तो आमदाराचा मेहुणा का असेना.

अशा बाईचा खुबा मोडावा, याला नशिबाचा चावटपणा म्हणायचं. फेब्रुवारीत नागपुरातल्या इंदोऱ्याच्या घरी अंगण धुताना ओल्या फरशीवरून पाय सटकला. ऑपरेशन नीट झालं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात दुसरं कुणी नाही. प्रबोध सिंगापुरात क्लेमेंटीजवळच्या विद्यापीठात संशोधक होता. तो तातडीने आला आणि आईला बुकित बातोकच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. सुरुवातीला मीराबाईंना ते बसणं गोडही लागलं, खोटं कशाला बोला. जन्मभर दुसऱ्यांना उठवून दमलेल्या बाईला आयता चहा कडू लागत नाही. पण महिन्यांवर महिने गेले. वॉकर गेला, हातात काठी आली, आणि पायातलं बळ मात्र जिथल्या तिथेच राहिलं. पॉलिक्लिनिकमधली फिजिओथेरपीची मुलगी दर खेपेला सांगायची, "आंटी, मस्ट वॉक!" आणि घरी पोचलं की, "दमलात ना आई? बसा."

ऑक्टोबरात अशोक विजयादशमी आली. दीक्षाभूमीवर त्या दिवशी माणसांचा समुद्र लोटतो. गावोगावहून आलेल्या माणसांचे पाय सुजलेले असतात, टाचांना फोड आलेले असतात. ते पाय धुऊन पट्टी बांधायला मीराबाई आणि त्यांची समोरची शेजारीण सुचित्रा दर वर्षी औषधांचं टेबल लावत. दोघी एकाच दवाखान्यातल्या. यंदा ते टेबल पहिल्यांदाच मीराबाईंवाचून लागलं. सुचित्राने फोनवर फोटो पाठवला. मीराबाईंनी तो त्या खुर्चीत बसून पाहिला आणि त्या रडल्या. पुढच्या वर्षी त्या टेबलामागे आपण उभं असायचं, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

तशातच प्रबोधने एक दिवस जेवताना विषय काढला.

"आई, नागपूरचं घर बंद ठेवून काय करायचंय? शैलेंद्रची तिकडे बदली झालीय, त्याला घर हवंय. माझा कॉलेजातला मित्र, माणूस चांगला आहे. जानेवारीपासून त्याला भाड्याने देतो."

"अन मी कुठे राहू?"

"इथेच! तू आता तिकडे एकटी राहणार आहेस का?"

हे तो इतक्या मायेने बोलला की मीराबाईंना रागावताही येईना. वैऱ्याशी भांडता येतं. आपल्या पानात माशाचा काटा काढून वाढणाऱ्या मुलाशी कसं भांडायचं?

डिसेंबरात अवनीच्या शाळेला सुट्टी लागली. आईचा उतरलेला चेहरा प्रबोधला दिसत होताच. त्याने त्यावर औषध काढलं ते सहलीचं. सिंगापुरातल्या माणसाला उदास आई दिसो नाहीतर उदास बायको, तो आधी विमानाची तिकिटं बघतो. मलेशियातलं कुचिंग विमानाने दीड तासावर. त्या बाजूच्या जंगलात अनाथ ओरांगउटान वानरांना सांभाळून पुन्हा रानात सोडणारं एक केंद्र होतं. सकाळी त्यांना फळं घालतात, तेव्हा ती अगदी जवळून दिसतात, असं अवनीला मैत्रिणीने सांगितलं होतं. झालं, चौघं निघाली. मीराबाईंना विमानतळावर व्हीलचेअर, आणि केंद्राच्या फाटकापासून खाली जंगलापर्यंत बॅटरीवरची गाडी. खाली पोचल्यावर अश्लेषाने बाक रुमालाने पुसला आणि म्हणाली, "बसा, आई."

समोर झाडांमध्ये एक लाकडी मचाण होतं. एडविन नावाच्या तिथल्या कर्मचाऱ्याने त्यावर केळी, पपया आणि फोडलेले नारळ मांडले, तोंडापाशी हात नेला आणि रानाच्या दिशेने लांबलचक हाळी दिली. सगळ्यांनी कॅमेरे सरसावले. पान हललं की माना तिकडे वळत. पण वाट पाहून पाहून मान दुखायला लागली तरी काही आलं नाही. एक खार तेवढी आली आणि तिने केळ्याचा फडशा पाडला.

"झूमध्ये तर इतके सगळे असतात, आजी," अवनी फुरंगटून सिंगापुरी ढंगात म्हणाली. "इथे नथिंग. वेस्ट टाइम, लाह!"

माणसं हळूहळू पांगली. प्रबोध कपाळाला आठ्या घालून उभा होता, जसं काही ओरांगउटानांनी त्याला शब्द देऊन फसवलं होतं. मीराबाईंचं लक्ष मात्र एडविनकडे होतं. तो बादली उचलत होता आणि चक्क गुणगुणत होता. मीराबाईंना त्याचा रागच आला. ज्याचा एकही पेशंट जागेवर नाही, तो माणूस खुशीत असतोच कसा? त्यांनी आपलं दवाखान्यातलं इंग्रजी बाहेर काढलं आणि त्याला हटकलं, "एकही आला नाही. मग तू हसतोस कशाला?"

एडविन म्हणाला, "आंटी, रानात फळं पिकली आहेत. त्यांचं पोट तिकडे भरतंय. माझ्या केळ्यांसाठी कोण येणार? मचाण रिकामं राहिलं, तो माझा चांगला दिवस."

मीराबाई काठी टेकत त्याच्याजवळ गेल्या. "सगळे शिकतात का असे?"

"पिंजऱ्यातून सोडवलेलं पिल्लू एक वेळ लवकर शिकतं," तो बादली खाली ठेवून म्हणाला. "पण कुणाच्या घरी लाडात, कडेवर वाढलेलं असलं की महाकठीण. झाडावर चढवलं की ते खाली उतरतं आणि माझ्या पायाला मिठी मारतं. तेव्हा त्याला उचलायचं नाही. पाठ फिरवून उभं राहायचं. ते शिकायला मलाच फार दिवस लागले."

"अन डिस्चार्ज कधी देता?"

एडविनला तो शब्द आवडलेला दिसला. "आम्ही नाही देत. ते यायचे थांबतात, तोच डिस्चार्ज."

"अन रानात खायला नसलं तर?"

"मग येतात ना. फळं संपली की येतात, खातात, परत जातात. इथे कुलूप कुठे आहे?"

मीराबाई त्या रिकाम्या मचाणाकडे बघत राहिल्या. त्यांना आपला वॉर्ड आठवला. पेशंट चालत घरी गेला की त्याच्या पलंगावर त्या स्वतः स्वच्छ चादर घालायच्या. ते काम खरं तर आयाबाईचं, पण रिकाम्या पलंगाचा तो आनंद त्यांनी कधी दुसऱ्याला घेऊ दिला नव्हता. आज त्यांचाच मुलगा त्यांची पाण्याची बाटली, टोपी आणि पर्स सांभाळत बाकापाशी उभा होता, आणि आपण त्याच्या पायाला मिठी मारून बसलो आहोत, असं त्यांना लख्ख दिसलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

बॅटरीची गाडी येऊन उभी राहिली.

"तुम्ही व्हा पुढे. मी चालत येते," मीराबाई म्हणाल्या.

"आई, सगळा चढ आहे!"

"दिसून राहिला मले चढ."

त्या निघाल्या. थोडं चालायच्या, काठीवर भार टाकून उभ्या राहायच्या, पुन्हा चालायच्या. अश्लेषा आणि अवनी गाडीतून हळूहळू पुढे गेल्या. प्रबोध दोन्ही हात पसरून मागे, जसं काही वरून घागर पडणार आहे. एका वळणावर त्याने आईचा दंड धरला, तशी मीराबाईंनी तोच जुना आवाज लावला, "हात लावायचा नाही!" पुढे चाललेली दोन गोरी माणसं दचकून रस्त्याच्या कडेला झाली. फाटकाशी पोचल्यावर मीराबाईंना धाप लागली होती, पोटरी थरथरत होती, पण त्या पोचल्या होत्या.

"प्रबोध, ऐक. घर भाड्याने द्यायचं नाही. मी आता नागपूरला परत जाऊन राहिली."

प्रबोधने घाम पुसला. "तू दमलीयस आई. आपण घरी जाऊन बोलू. आधी बस बरं."

घरी गेल्यावर कोण बोलतंय! पुन्हा तीच खुर्ची, तीच बटणं. उलट चढ चढल्याने पाय दुखले, म्हणून प्रबोधने पायाखाली आणखी एक उशी दिली. मीराबाईंनी वाद घातला नाही. तोंडी परीक्षेवर त्यांनी कधी कुणाला सुट्टी दिली नव्हती. जिना चढून दाखवा म्हणजे दाखवा. मग स्वतःला वेगळा नियम कसा लावणार? त्यांनी परीक्षाही आपली आपणच ठरवली. सिंगापुरात बकऱ्याचं चांगलं मटण मिळतं ते लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटात. एकट्याने जायचं, एकट्याने आणायचं. नागपूरहून आणलेला काळा मसाला महिनोनमहिने बरणीत पडून होता, त्याचंही सोनं होईल.

शनिवारी सकाळी अश्लेषा अवनीला पोहायच्या क्लासला घेऊन गेली. प्रबोध झोपला होता. मीराबाईंनी साडी नेसून पायात पट्ट्याच्या चपला घातल्या, प्रबोधने आल्या आल्या काढून दिलेलं आणि आजवर ड्रॉवरमध्ये पडलेलं एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं कार्ड घेतलं, आणि दार हलकेच ओढून घेतलं. लिफ्ट येईपर्यंत त्यांनी दोनदा मागे दाराकडे वळून पाहिलं. सत्तरीला टेकलेल्या बाईला आपल्याच मुलाच्या घरातून चोरासारखं निघावं लागतंय, याचं त्यांना हसूही आलं.

स्टेशनवरचा सरकता जिना त्यांनी टाळला. सिंगापुरातले जिने अंगात आल्यासारखे धावतात, तिथे शौर्य दाखवण्यात अर्थ नव्हता. लिफ्टने त्या वर गेल्या. गाडीत शिरल्या तोच एक चिनी पोरगी चटकन उठली आणि म्हणाली, "आंटी, सिट, सिट!" इथेही 'बसा' होतंच. पण धावत्या गाडीत उभं राहणं हा शहाणपणा नाही, हे हाडांच्या सिस्टरला कुणी शिकवायला नको. तेवढं एक 'बसा' त्यांनी मान्य केलं. दोनदा गाडी बदलायची होती. एकदा त्या चुकीच्या फलाटावर गेल्या, एका तामिळ आजोबांना हिंदीत विचारलं, त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि दोघांनाही सगळं समजलं.

टेक्का मार्केटच्या तोंडाशी मात्र मीराबाई थबकल्या. मासळीवाल्यांनी नुकतंच पाणी मारलं होतं. फरशी ओली होती, ट्यूबलाइटच्या उजेडात चकाकत होती. इंदोऱ्याचं अंगण तस्संच चकाकत होतं. तो आवाज, ती कळ, आभाळाकडे तोंड करून पडून राहणं, सगळं एका क्षणात अंगावर आलं. त्यांनी जवळचा खांब धरला. भीती वाटली, फार वाटली. परत फिरावं, बाहेर टॅक्सी मिळेल, घरी खुर्ची आहेच.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. प्रबोधचाच असणार. एका हातात काठी होती, दुसऱ्याने खांब धरलेला. फोन घ्यायचा तर काहीतरी सोडावं लागणार होतं. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मीराबाई तशाच उभ्या. मग स्वतःच्याच कानाला ऐकू येईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पायाकडे बघायचं नाही, सिस्टर. समोर बघायचं." हजार पेशंटांना सांगितलेलं वाक्य आज पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या उपयोगी पडत होतं. त्यांनी खांब सोडला. काठीचं रबर टेकवलं, नीट टेकलंय ना पाहिलं, आणि पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. मासळीची ओळ संपली, कोरडी फरशी आली, आणि समोर मटणाचं दुकान.

"मांडीचं द्या, भैया, और चरबी मत डालो," त्या रुबाबात म्हणाल्या. आवाज थोडा कापत होता, पण मटणवाल्याला ते काय कळणार!

परतीच्या गाडीत त्यांनी फोन पाहिला. प्रबोधचे किती तरी कॉल येऊन गेले होते. आणि मग एकाएकी थांबले होते. मीराबाईंना जरा चमत्कारिक वाटलं. काळजी करणारा मुलगा असा मध्येच थांबत नसतो. पोलिसांत तर गेला नाही ना?

दार अश्लेषाने उघडलं. मागे प्रबोध, डोळे लाल. केस ओले असलेली अवनी सोफ्यावर.

"कुठे गेली होतीस?" तो जवळजवळ ओरडलाच. "खाली बागेत बघून आलो, क्लिनिकमध्ये फोन केला! काही झालं असतं म्हणजे?"

"टेक्काला. मटण आणलं." मीराबाईंनी पिशवी पुढे केली. "फोन घेता आला नाही, हात मोकळा नव्हता. सांगून गेले असते तर तू सोडलं असतंस का? मग फोन करायचा का थांबलास रे?"

प्रबोधने बायकोकडे पाहिलं.

"मी थांबवलं," अश्लेषा म्हणाली. "क्लासवरून आले तर हे कासावीस झालेले. मीही घाबरले, आई. पण काठी जाग्यावर नव्हती, चपला नव्हत्या. म्हणजे तुम्ही स्वतःच्या पायांनी गेला होतात. यांना म्हटलं, तो एडविन रिकामं मचाण बघून हसत होता ना, मग आपण जरा गप्प बसून बघू या." एवढं बोलताना तिचे डोळे भरून आले. "मला वाटायचं, तुम्हाला काही करू दिलं तर लोक म्हणतील, सून सासूला राबवते."

मीराबाईंना तिची माया आली. या पोरीशी त्या मनातल्या मनात किती भांडल्या होत्या!

"आई, तिकडे एकटी कशी राहशील?" प्रबोधचा आवाज आता खाली आला होता.

"एकटी कुठे? समोर सुचित्रा आहे, गल्ली आहे, विहार आहे. अन हे बघ, फळं संपली की येईन की इकडे. कुलूप थोडंच लावून राहिली मी?"

प्रबोधने आईच्या हातातली पिशवी घेऊन अश्लेषाकडे दिली. मग खिडकीशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "शैलेंद्रला कळवतो मी. त्याला दुसरं घर मिळेल."

आता कुठे मीराबाईंच्या पायांना आपण दमल्याचं आठवलं. त्या समोरच्याच खुर्चीत, हो, त्याच बटणांच्या खुर्चीत, टेकल्या. डोळे मिटले. स्वयंपाकघरात पिशवी उघडल्याचा आवाज आला, नळ वाहिला, बरणीचं झाकण फिरलं. काळ्या मसाल्याचा वास घरभर पसरला. मग अश्लेषा ओला हात पदराला पुसावा तसा ओढणीला पुसत दारात येऊन उभी राहिली. पुढचं वाक्य तिने या घरात आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "उठता का जरा? हा मसाला किती घालायचा, मला नाही कळत."

मीराबाईंनी डोळे उघडले, काठी घेतली आणि त्या उठू लागल्या. पहिल्या झटक्यात उठणं झालं नाही. प्रबोधचा हात सवयीने पुढे आला, आणि त्याने तो आपला आपणच खिशात घातला.